लंडनमधील विद्यार्थ्याचा प्रवास



परदेशी शिकायला निघालेला आपला विद्यार्थी फीचा आणि विमानाच्या तिकिटाचा हिशेब पक्का करतो. रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च मात्र कोणी धरत नाही. लंडनमध्ये आमच्यासारख्या शिष्यवृत्तीवर राहणाऱ्यांची ओढाताण होते ती तिथेच. हप्ता लांबला की आधी पोटाला चिमटा बसतो.

या शहराचे भाड्यासाठी झोन पाडलेले आहेत. मध्यभाग पहिल्या झोनमध्ये, हीथ्रो विमानतळ सहाव्यात. भुयारी रेल्वेचे भाडे झोनप्रमाणे वाढते, बसला झोन नाही. म्हणून लांबची स्वस्त खोली स्वस्तच पडेल असे नव्हे. खोलीभाडे आणि प्रवासखर्च एकत्र मांडून मगच जागा ठरवावी.

अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याला फोटोचे ऑयस्टर कार्ड मिळते. त्यावर आठवड्याचा किंवा महिन्याचा पास 30 टक्के कमी दराने निघतो. सुट्या प्रवासाला ही सवलत नाही. आठवड्यातून तीनच दिवस वर्ग असतील तर पास उलट महाग पडू शकतो. बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. चढताना कार्ड टेकवायचे; तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा भाडे कापले जात नाही. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवावे लागते. विसरलात तर जबर भाडे कापले जाते.

रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक यांनी आखला, 1933 साली तो लोकांच्या हाती आला. नकाशा सुबक, पण त्यात अंतरे खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे एक स्थानक. माणूस पाच मिनिटांत चालत पोहोचतो! नॉर्दर्न लाईनला तर फाटे आहेत. दादरला आपण स्लो की फास्ट पाहतो, तशी तिथे गाडीची पाटी वाचूनच चढावे.

चॉक फार्म स्थानकापासून जवळच 10, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तेथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुमारे पाच किलोमीटर. एका रविवारी आम्ही ते चालून पाहिले. कॅम्डेन, युस्टन, वाटेत ब्रिटिश म्युझियम, मग किंग्जवे. सव्वा तास लागला. पुढे आमच्यातले युस्टनजवळ राहणारे दोघे पास न काढता चालतच वर्गाला जाऊ लागले. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो, वर पाऊस. तेव्हा मात्र बस.