होडीवर सोनार: घ्यायचं की थांबायचं?

आम्ही बोरी बुद्रुकच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

गटात कर्जाचे अर्ज येतात ते बहुतेक ओळखीचे असतात. गाय, शिलाई मशीन, कांद्याचं बी, पोरांची फी. या खेपेला मात्र वेगळाच अर्ज आला. आमच्यातल्या एका ताईंच्या घरचे येडगाव धरणात मासेमारी करतात. त्यांच्या मुलाला होडीवर ‘साइड इमेजिंग सोनार’ बसवायचं आहे. यंत्र, बॅटरी आणि बसवणावळ धरून ऐंशी हजार रुपये. कर्ज ताईंच्या नावावर निघणार आणि जबाबदारी सगळ्या गटाची. म्हणून दोन बैठका आम्ही याच विषयावर घेतल्या. त्यातून जे उमगलं ते तुम्हाला सांगतो.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच हे. होडीला पाण्याखाली बसवलेला एक भाग आवाज सोडतो. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. तळाला, दगडाला, माशाला आपटून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढतं. साधं सोनार फक्त होडीच्या खाली बघतं. साइड इमेजिंगवालं डावीकडे आणि उजवीकडे पातळ पंख्यासारखे आवाजाचे झोत सोडतं. होडी पुढे सरकते तशी रेघेला रेघ जोडून पडद्यावर तळाचं चित्र उमटतं. बुडालेलं झाड, जुना बांध, घराची भिंत त्यात ओळखू येते. मासा दिसतो तो पांढऱ्या ठिपक्यासारखा, बाजूला त्याची सावली.

ऐकायला छानच वाटतं. पण आम्ही विचारलं, तो ठिपका कटल्याचा की रोहूचा, हे यंत्र सांगतं का? नाही सांगत. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, हे ताईंच्या घरच्यांना यंत्राशिवायच ठाऊक आहे. दुसरं, चित्र नीट यायला होडी सरळ आणि एका चालीने जावी लागते, ताशी साधारण पाच ते आठ किलोमीटरने. इंजिनाच्या बोटीला ते जमतं. वल्ह्याच्या होडीला झटके बसतात, चित्र वेडंवाकडं येतं. ताईंची होडी वल्ह्याची आहे.

समुद्रातली गोष्ट वेगळी. तिथे माशांचे थवे शोधत फिरायला डिझेल जळतं, म्हणून तिथे अशी यंत्रं पैसे वाचवतात. धरणात आपले लोक संध्याकाळी जाळं लावतात आणि पहाटे काढतात. मासा फिरत फिरत जाळ्यात येतो. शिवाय धरणात मासा किती, हे बीज किती सोडलं आणि किती जगलं यावर ठरतं. यंत्राने पाण्यात एकही मासा वाढत नाही. एका होडीने जास्त पकडला तर तो बऱ्याचदा दुसऱ्या होडीच्या वाट्याचाच असतो.

मग हिशेब मांडला. समजा ऐंशी हजार, महिना एक टक्का व्याज, तीन वर्षांची फेड. हप्ता होतो सुमारे २,६५० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३२,०००. धंदा वर्षातले नऊच महिने चालला तर त्या प्रत्येक महिन्याला ३,५५० रुपये जास्त सुटायला हवेत. बर्फ, गाडीभाडं, अडत जाऊन किलोमागे साठ रुपये हातात राहतात असं धरलं, तर महिन्याला आणखी साठ किलो मासा हवा. आज मिळतो त्याच्यावर साठ किलो! हे आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेत. तुमच्या घरचे आकडे घालून तुम्ही हाच हिशेब करून बघा.

यावर मुलगा म्हणाला, “मावशी, मासा सोडा. जाळी किती फाटतात ते बघा.” हे त्याचं खरं होतं. पाण्याखाली झाडांची खोडं आहेत, दगड आहेत, जुने बांध आहेत. जाळं अडकलं की फाटतं, कधी सगळंच जातं. म्हणजे ताईंच्या घरची खरी गरज मासा शोधायची नाही, तळ ओळखायची आहे.

आणि तळ ओळखायला आपल्याकडे आणखी एक वाट आहे. डिंभे धरणाचं उदाहरण घ्या. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं गावच त्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की गावाच्या खुणा वर येतात. भिंत कुठे, देऊळ कुठे, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आजही तोंडपाठ असतं. आपल्याही धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि काठाकाठाने तळ उघडा पडतो. ऐंशी हजारांचं यंत्र जे दाखवणार, त्यातलं बरंचसं चैत्र-वैशाख फुकट दाखवतो. मोबाइलच्या नकाशावर प्रत्येक खोडाची आणि बांधाची खूण करून ठेवली, तर पावसाळ्यानंतर जाळं कुठे लावायचं नाही ते कळतं. फक्त गाळात एकट्याने उतरायचं नाही आणि काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

जो भाग कधीच उघडा पडत नाही, तिथे मात्र सोनारचं काम आहे, हे आम्ही मान्य केलं. पण तळ काही रोज बदलत नाही. एकदा नीट बघून खुणा केल्या की बरीच वर्षं पुरतात. त्यासाठी प्रत्येक होडीला यंत्र कशाला? मच्छीमार संस्थेने एक घ्यावं, इंजिनाच्या बोटीवर लावावं आणि नकाशा सगळ्यांनी वापरावा.

म्हणून आमचं ठरलं ते असं. अर्ज फेटाळला नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवून दिला. उन्हाळ्यात मुलगा आणि संस्थेची दोनचार पोरं तळाच्या खुणा करतील. विक्रेत्याने आपल्याच पाण्यात एक दिवस यंत्र चालवून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बिघडलं तर दुरुस्ती कुठे होते, हे लेखी घ्यायचं. वर्षभर फाटलेल्या जाळ्यांचा खर्च ताई वहीत लिहितील. तो खर्च हप्त्याच्या आसपास निघाला, तर पुन्हा बोलू.

तोवर गटाने ताईंना लहान कर्ज दिलं, दोन लाइफ जॅकेट आणि एका बर्फाच्या पेटीसाठी. जॅकेट जिवासाठी. पेटी यासाठी, की दुपारी उरलेला मासा ताईंना पडत्या भावात विकावा लागतो.

तुमच्याही गटात असा अर्ज येईल. सोनार नसेल, दुसरं काही यंत्र असेल. खरेदीच्या आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना मंजूर बाबींवर साठ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. पण कोणती बाब बसते ते आधी विचारायचं, पावती फाडल्यावर नाही. आणि घरातल्या पोराला नाही म्हणण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: बाबा, तुझं नुकसान नेमकं कुठे होतंय? आम्हाला तरी त्याच उत्तराने वाट दाखवली.