जुडीभर कोथिंबीर
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे कोथिंबिरीविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? कोथिंबीर कोणाला माहीत नाही? आमटी झाली की वर टाकायची, पोहे झाले की वर पेरायची. भाजीवाली बाई भाजीबरोबर चार काड्या पिशवीत टाकते, त्याचे पैसेही घेत नाही. हे सारे खरे आहे. पण जी वस्तू रोज डोळ्यांपुढे असते, तिचीच आपण चौकशी करत नाही. ती आज करू.

पहिल्याने नावाचे बघू. पाणिनी नावाचा मोठा व्याकरणकार सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात होऊन गेला. त्याच्या व्याकरणात 'कुस्तुम्बुरु' असा शब्द आहे. तो ह्याच रोपट्याचा. लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचे आपल्याकडे कोथिंबीर झाले. गुजराती माणूस कोथमीर म्हणतो, कानडी माणूस कोत्तंबरी म्हणतो. बियांना संस्कृतात धान्यक म्हणत, त्याचे आपले धने झाले. म्हणजे रोपटे एकच. त्याचा पाला ती कोथिंबीर आणि बी ते धने. रोप कापले नाही तर त्याला छत्रीसारखा तुरा येतो, बारीक पांढरी-गुलाबी फुले येतात आणि मग धने धरतात. जिरे, ओवा, बडीशेप, गाजर ही सारी ह्याच कुळातली भावंडे. तुरा पाहिलात तर नाते लगेच ओळखू येते.

आता हे रोपटे मूळचे कुठले? भूमध्य समुद्राच्या पूर्वेचा मुलूख आणि त्याला लागून असलेला पश्चिम आशिया, तिकडचे. तिथून ते चहूकडे गेले. मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, तुतनखामुन नावाचा एक तरुण राजा होता. तो मेला त्याला सुमारे ३३०० वर्षे झाली. त्याचे थडगे १९२२ साली सापडले. सोने, रथ, दागिने, सारे काही आत होते. आणि त्या सोन्याच्या शेजारी काय होते ठाऊक आहे? धने! राजाला परलोकात जेवायला लागतील म्हणून ठेवलेले. तुमच्या मसाल्याच्या डब्यातला जिन्नस राजाच्या खजिन्यात होता, असे समजा.

ग्रीक लोकांत कोरिस म्हणजे ढेकूण. हिरव्या पानाचा वास त्यांना ढेकणासारखा वाटला, म्हणून त्यांनी ह्या रोपट्याला तसे नाव दिले, असे सांगतात. हसू नका! आजही काही माणसांना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो. तो त्यांचा नखरा नसतो. वास ओळखण्याची जी शक्ती आईबापांकडून येते, तिच्यातच थोडा फरक असतो. घरात एखादे पोर कोथिंबीर वेचून ताटाबाहेर काढत असेल तर त्याला मारू नका. त्याला दुसरी पालेभाजी द्या.

आणखी एक गंमत सांगतो. हिरवी चटणी आपली अगदी घरची वाटते. पण तिच्यातली मिरची अमेरिका खंडातली आहे. पोर्तुगीज लोकांनी ती सुमारे साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरे असत. कोथिंबीर मात्र तेव्हा आपल्याकडे जुनी झाली होती. उलट स्पेनच्या लोकांनी कोथिंबीर अमेरिकेत नेली आणि आज मेक्सिको देशातल्या माणसाचे तिच्यावाचून चालत नाही. म्हणजे मिरची इकडे आली, कोथिंबीर तिकडे गेली. फिटंफाट झाली!

इतिहास पुरे. आता पोटाचे बोलू.

हिरव्या पाल्यात अ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य असते. ते डोळ्यांना लागते. ते फार कमी पडले की संध्याकाळी दिवेलागणीला मुलाला दिसेनासे होते. त्याला आपण रातांधळेपणा म्हणतो. वेळीच उपाय झाला नाही तर डोळा कायमचा जातो. कोथिंबिरीत हे द्रव्य चांगले आहे. क जीवनसत्त्व आहे, थोडे लोह आहे. पण मंडळी, इथे एक गोष्ट नीट ऐका. आपण कोथिंबीर घालतो किती? चिमूटभर. आमटीच्या पातेल्यावर चार पाने तरंगतात आणि आपल्याला वाटते, झाली पालेभाजी. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी खावी. शंभर ग्रॅम म्हणजे चिमूट नव्हे. ती शोभा झाली, अन्न झाले नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की कोथिंबीर शोभेला नको, भाजी म्हणून खा. जुडी स्वस्त झाली की वडी करा, भाकरीच्या पिठात कालवा, चटणी वाटा. कोवळे देठ फेकू नका, तेही वाटा. चटणीत शेंगदाणे किंवा खोबरे घाला. अ जीवनसत्त्वाचे द्रव्य अंगी लागायला थोडे तेल-तूप लागते, ते शेंगदाण्यातून मिळते. वरून लिंबू पिळा. आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातले आणि भाकरीतले लोह अंगी जास्त लागते. आमटीत घालायची तर पातेले चुलीवरून उतरल्यावर घाला, कारण क जीवनसत्त्व उकळीने जाते. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका, चहा लोहाला अडवतो. आपल्या आजीने चटणीवर लिंबू पिळले ते चवीसाठी. पण चवीबरोबर गुणही आला.

आणि ही चटणी घरातल्या सगळ्यांच्या ताटात गेली पाहिजे. पुरुषमाणसे जेवली, मुले जेवली, मग वाटीत उरेल ते बाईने पुसून घ्यायचे, ही रीत मोडा. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. त्यात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरात सत्तावन्न! ह्या वर्गात बसलेल्या भगिनींनी आपल्या डाव्या-उजव्या हाताला पाहावे आणि हिशेब करावा. हे काही एकट्या कोथिंबिरीने भरून येणार नाही. दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्यायच्याच. पण ताटात रोज हिरवे असले तर त्या गोळीला सोबत मिळते.

आता धुण्याचे. कोथिंबीर जमिनीलगत वाढते. मुळाला माती असते. काही ठिकाणी भाजीच्या वाफ्यांना गटाराचे पाणीही जाते. तीच पाने आपण कच्ची खातो. हगवण, टायफॉइड, पोटातले जंत अशा वाटेने घरात शिरतात. नुसते पाणी शिंपडून भागत नाही. मुळे कापून टाका. सडकी पाने काढा. मोठ्या भांड्यात पिण्याचे पाणी घेऊन पाला बुडवून हलवा, पाणी फेका. असे दोन-तीन वेळा करा, खाली माती बसेनाशी होईपर्यंत. आधी धुवा, मग चिरा. पावसाळ्यात गावात पोटाची साथ असेल तेव्हा कच्ची खाऊ नका, शिजवून खा. थोडे जीवनसत्त्व गेले तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे.

सगळ्यांत उत्तम म्हणजे घरी लावा. जागा नाही म्हणू नका. फुटके घमेले, जुना डबा, तळाला भोके पाडलेली पेटी, काहीही चालते. धने आख्खे पेरू नका. चपलेच्या टाचेने नाही हं, पोळपाटावर लाटण्याने हलके रगडा. प्रत्येक धन्याच्या दोन फाका होतात आणि दोन्ही उगवतात. रात्रभर भिजवा, पेरा, वरून बोटभर माती लोटा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो, सव्वा-दीड महिन्यात पाला काढायला येतो. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरले तर घरात सतत पाला राहतो. उन्हाळ्यात रोप लवकर तुऱ्यावर येते, तेव्हा त्याला दुपारची सावली द्या. बाजारात जुडी कधी शंभराच्या वर जाते, तर कधी शेतकरी ती रस्त्यावर ओतून देतो, इतकी पडते. तुमच्या घमेल्याला बाजारभाव नाही.

धन्याची पूड बाजारातून आणत असाल तर एक परीक्षा करा. पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर पूड वर सोडा. लाकडाचा भुसा मिसळला असेल तर तो वर तरंगत राहील. शक्य असेल तर धने आणून घरीच कुटावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. चरकसंहितेत तहान शमवणाऱ्या दहा औषधींत धने सांगितले आहेत. उन्हाळ्यात धन्याचे पाणी प्यायला माझी ना नाही, पोटाला बरे वाटते. पण हल्ली मोबाइलवर निरोप फिरतात, की धन्याचे पाणी प्या आणि मधुमेहाच्या गोळ्या फेकून द्या. आमच्या गावात एक शेतकरी आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी असा निरोप वाचला आणि गोळ्या बंद केल्या. चार महिने सकाळी धन्याचे पाणी. मला म्हणाले, "गुरुजी, मला अगदी हलकं वाटतंय." पुढे पायाला काटा लागला, जखम चिघळली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. पायाची दोन बोटे काढावी लागली. धन्याने त्यांचे वाईट केले नाही. गोळी सोडल्याने झाले. धन्यावर उंदरांना देऊन प्रयोग झालेले आहेत. पण उंदराला गुण आला म्हणून माणसाने डॉक्टरला न विचारता गोळी सोडायची नसते. तसेच ज्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, त्यांनी पालेभाजी एकदम खूप वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण पाल्यातल्या के जीवनसत्त्वाने त्या गोळीचा जोर कमी होतो.

मंडळी, तुम्ही ह्या वर्गात वाचायला शिकलात. पाटी वाचता, बसचे नाव वाचता, मोबाइलवरचा निरोपही वाचता. मला त्याचा फार आनंद आहे. पण वाचता येणे ही अर्धी विद्या. वाचलेले खरे की खोटे हे विचारणे ही उरलेली अर्धी. कोणी लिहिले, त्याला काय ठाऊक, माझ्या डॉक्टरांचे म्हणणे काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय औषधाच्या बाबतीत काहीही मानू नका. मी सांगितलेलेही नर्सबाईंना विचारून पाहा.

तेव्हा उद्यापासून एवढे करा. कोथिंबीर चिमटीने नको, मुठीने खा. तीन पाण्यांनी धुऊन खा. लिंबू पिळून खा. घरातल्या बाईच्या ताटात आधी वाढा. आणि अन्नाला अन्न म्हणा, औषधाला औषध म्हणा.

पुढच्या आठवड्यात येताना प्रत्येकाने आपल्या वहीत, आपल्या हाताने, घरात काय पेरले ते एका ओळीत लिहून आणावे. मी ती वाचायला येणार आहे.