पाटीवरचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव

(कलशारोहण समारंभानिमित्त सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्री भैरवनाथाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या लोकवर्गणीने व श्रमदानाने आज शिखरावर कलश चढला. कामाचा वृत्तांत व जमाखर्च कार्यवाहांनी वाचून दाखविला आहेच, त्याची पुनरुक्ती नको. या भाषणाचा विषय जरा निराळा आहे. आपल्या गावातील एका वयस्कर गृहस्थांच्या मनात रोजच्या व्यवहाराविषयी आणि चालू घडामोडींविषयी जे विचार येतात, ते या निमित्ताने सर्वांपुढे ठेवावेत असे ठरले. हे गृहस्थ व्यासपीठावर येऊन बोलणाऱ्यांपैकी नाहीत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. ते समोरच खांबाला टेकून बसले आहेत आणि बहुधा मान हलवून नको नको म्हणत आहेत. पण त्यांची परवानगी आधीच घेतलेली आहे.

आबांचे शिक्षण सातवीपर्यंत. शेती अडीच एकर, त्यातली निम्मी कोरडवाहू. सकाळी धार काढून दूध डेअरीला घातले की देवळात यायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे, हा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षांचा. जुना मंडप उतरविला तेव्हा काही महिने हे वाचन लिंबाखाली चालले, पण खंड पडला नाही. आता मुलांच्या हातात मोबाइल आहेत आणि बातमी पेपराच्या आधी गावात पोचते. आबांचे त्यावर म्हणणे असे की, मोबाइलवरची बातमी एकेकटा वाचतो. पेपर चौघांत वाचला म्हणजे 'हे खोटे दिसतंय बरं का' असे म्हणणारा एक तरी निघतो.

कांद्याचे भाव, रात्री-अपरात्री येणारी मोटारीची वीज, बिबट्याचे भय, यांवर आबांची मते आहेत. ती आपण रोज ऐकतो, म्हणून येथे सोडून देऊ. एक मत मात्र सांगण्याजोगे आहे. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आज घरोघर आहे. तिशी ओलांडलेली, कष्टाळू, निर्व्यसनी मुले लग्नावाचून आहेत. 'मुलींना नोकरीवालाच पाहिजे, शेती नको' असे सगळे म्हणतात. आबांनी एकदा पेपर खाली ठेवून विचारले, "ज्या शेतात तिच्या आईचं नाव नाही, आजीचं नाव नाही, तिचंही कधी लागायचं नाही, त्या शेताची ओढ तिला कुठून लागावी?" कोणी उत्तर दिले नाही. हा प्रश्न आबांच्या मनात कसा आला, तीच आजची हकीकत आहे.

आबांचे अक्षर चांगले, म्हणून समितीने पावतीपुस्तक त्यांच्याकडे दिले होते. वर्गणी लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले की, माहेरवाशिणींचा हात या कामाला फार मोठा लागला. गाभाऱ्यासमोरची घंटा त्यांनी मिळून दिली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याखेरीज किती जणींनी खुरपणीच्या रोजातून, शिवणकामातून, कोंबड्यांच्या अंड्यांतून साठविलेले पैसे रुमालाच्या गाठीत आणून दिले, ते पावतीपुस्तक पाहिल्यावरच कळते. त्यात आबांची धाकटी बहीण होती. तिने पाचशे एक रुपये पुढे ठेवले आणि म्हणाली, "दादा, पावती तुझ्याच नावाची फाड. गावात तुझंच नाव आहे, माझं कशाला?" आबांनी पावती तिच्याच नावे, वडिलांचे नाव घालून पूर्ण लिहिली. ती नाव कितीतरी वेळ वाचत बसली.

पुढे देणगीदारांच्या संगमरवरी पाटीचा विषय निघाला. काही मंडळींची सूचना होती की, जागा थोडी आहे तेव्हा सर्व स्त्रियांचे मिळून 'समस्त माहेरवाशिणी' एवढे दोनच शब्द कोरावेत. सूचना वाईट हेतूने आली नव्हती, आणि कोरणारा अक्षरावर पैसे घेतो हेही खरेच होते. आबा सहसा बैठकीत बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. त्यांनी अहिल्यादेवी होळकरांचा दाखला दिला. जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी १७२५ साली जन्मलेल्या या बाईंनी काशीविश्वेश्वराचे मंदिर सुमारे १७८० मध्ये पुन्हा उभारले, कितीतरी ठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. हे सर्वांना पाठ आहे. परंतु यासाठी पैसा कोठून आला, इकडे आपले लक्ष जात नाही. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी १७३४ साली खासगीचा मुलूख लावून दिला होता. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा. गौतमाबाईंच्या पश्चात ती खासगी अहिल्यादेवींकडे आली, आणि हा सारा दानधर्म प्रामुख्याने त्या खासगीतून झाला. बाईच्या नावावर काही होते म्हणून बाईच्या हातून एवढे घडले, असे आबांचे म्हणणे. बैठकीत थोडा वेळ शांतता होती. मग पाटी दीड फूट वाढवावी असे ठरले. नावे आज पूर्ण कोरलेली आहेत. उजव्या हाताच्या भिंतीवर ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी पाहावीत.

त्या रात्री आबांनी पेटीतली जुनी कागदपत्रे काढली. वडील १९८१ साली वारले, त्या वेळचा वारसाचा फेरफार त्यांत होता. आबा कर्ते म्हणून कब्जेदार सदरी लागले. आई आणि दोघी बहिणींची नावे 'इतर हक्कां'त. काही महिन्यांनी दुसरा फेरफार, त्यात बहिणींची नावे कमी झालेली. आधार काय, तर 'आम्हांस हिस्सा नको' असा जबाब आणि त्याखाली दोन अंगठे. बहिणींना वाचता येत नव्हते. वडिलांच्या दिवसांची कामे चाललेली, घर पाहुण्यांनी भरलेले, अशात कोणीतरी कागद पुढे केला आणि त्यांनी अंगठे उठविले. यात कोणाचा कपटभाव होता असे नाही. त्या काळी सर्वत्र असेच चाले. खरे सांगायचे तर आजही पुष्कळ ठिकाणी असेच चालते, फक्त अंगठ्याऐवजी सही असते.

येथे कायद्याचा थोडा भाग सांगणे अगत्याचे आहे, कारण चावडीवर याविषयी उलटसुलट बोलले जाते. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आहे, ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी व आई यांना सारखा वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र मुलगा जन्मतः हक्कदार असे आणि मुलीला फक्त बापाच्या हिश्श्यातला वाटा मिळे. म्हणजे १९८१ सालीही आबांच्या बहिणींचा वाटा होता, तो लहान होता एवढेच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु त्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने सर्व मुलींना, लग्न झालेल्या असोत वा नसोत, तो हक्क मिळाला. बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता यावरून वाद चालत. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला. बाप त्या तारखेला हयात असलाच पाहिजे, असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे त्यामुळे मोडत नाहीत. तेव्हा 'आता जुन्या सगळ्या वाटण्या उकरल्या जाणार' हे भय नको, आणि 'लग्न झालं, तिचा संबंध संपला' हेही म्हणणे नको.

आता दुसरी बाजू. आबांच्या मुलानेच ती मांडली, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. आबांना एक मुलगा, दोन मुली. मुलगा शेती पाहतो. तो म्हणाला, "आबा, म्हातारपण आम्ही काढायचं, सोसायटीचं कर्ज आम्ही फेडायचं, बहिणींच्या लग्नात विहिरीचं काम थांबवलं ते आम्हीच. अडीच एकराचे तीन तुकडे केले तर कुणाच्या हाती काय राहतं? आणि उताऱ्याला चार नावं लागली की पीककर्जाला चार सह्या लागतात. एक बहीण सुरतेला, दुसरी पुण्याला. पेरणीच्या तोंडावर सह्या कुठं गोळा करत फिरू?" या बोलण्यात खोटे काही नाही. जमीन थोडी, खाणारी तोंडे पुष्कळ. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच करावा लागला, तो याच अडचणीपायी. जे लोक शहरात बसून बहिणीचा हक्क शिकवितात, त्यांना ही सह्यांची यातायात ठाऊक नसते.

आबांनी मुलाला रागावून उत्तर दिले नाही. ते म्हणाले की, वाटणी मागणे वेगळे आणि नाव असणे वेगळे. नाव लागले म्हणून उद्या बांध पडतो असे नाही. कसायला एकाकडेच ठेवता येते, बहिणी संमती लिहून देऊ शकतात. पुढे ज्या बहिणीला मनापासून सोडायचे असेल तिने सोडावे, तसा तिचा अधिकारच आहे. फक्त ते तिने समजून-उमजून, वाचून, नोंदणी कार्यालयात रीतसर हक्कसोडपत्र करून सोडावे. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत ते होऊ नये. आणि सोडले नाही म्हणून तिची भाऊबीज बंद होऊ नये. आबांचा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर होता. माहेर तुटेल या एका भयापोटी हजारो सह्या होतात, हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. गावात नवऱ्याने टाकलेली एक लेक भावाच्या ओसरीवर दिवस काढते आहे. तिनेही एके काळी अशीच सही केली होती. तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही.

अलीकडे बाईचे नाव पुष्कळ ठिकाणी लागू लागले आहे, याचे आबांना कौतुक आहे. ग्रामपंचायतीत स्त्रियांना १९९३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश आणि आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा आल्या, जरी काही गावांत खुर्चीवर अजून सरपंचबाईंचे यजमानच बसतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदावर, आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. त्याच वर्षी ऑगस्टपासून लाडक्या बहिणीच्या योजनेत महिना दीड हजार रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यावर जमा होऊ लागले, तेव्हा बँकेपुढच्या रांगा सर्वांनी पाहिल्या. आबांनी तेव्हा पेपर वाचता वाचता म्हटले होते, "सरकारची बहीण लाडकी झाली, आता आपापल्या बहिणीचं बघा." मंडळी हसली. आबांना हसायला लावायचे होते की नाही, ते सांगता येत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतरच्या काळात 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालविली, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी कोणी सक्ती न करता जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. तेव्हा आबांनीही ते ऐकले होते. पण ऐकून राहिले.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. घरात कोणी वारले तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत गावकामगार तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वर्दी द्यावी. वर्दीत सर्व वारस लिहावेत. विधवा पत्नी, मुलगे, मुली, कोणीही गाळू नये. फेरफार धरल्यावर नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस सासरी असलेल्या लेकीच्या खऱ्या पत्त्यावर जाते ना, हे पाहावे. 'सर्व वारस एकत्र राहतात' असे लिहून एकाच सहीवर सगळ्या नोटिसा घेऊ नयेत. आणि सासरी गेलेल्या भगिनींनी वर्षातून एकदा माहेरचा सातबारा पाहण्यात गैर काही नाही. तो मोबाइलवरही दिसतो. त्यात भांडण नाही, माहिती आहे.

आबांनी आपल्या बहिणीला त्या जुन्या अंगठ्याविषयी विचारले. ती म्हणाली, "मला आता काय करायचंय, दादा? पण तेव्हा नीट विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं." त्यावर काय करायचे, हे त्या भावा-बहिणींचे अजून चालू आहे. मुलाची शंकाही पुरती फिटलेली नाही. सह्यांचे कसे करता येते ते सोसायटीच्या सचिवांना विचारून येतो, असे तो म्हणाला आहे. दिवाळीला दोघी मुली माहेरी येतील तेव्हा उतारा, कर्जाचे खाते व विहिरीचा खर्च असे सगळे कागद चौघांनी एकत्र बसून वाचायचे, एवढे मात्र नक्की झाले आहे. वाचणार अर्थात आबाच, मोठ्याने.

महाप्रसादाची पहिली पंगत बसली आहे आणि वाढपी मंडळी खुणा करीत आहेत, तेव्हा येथेच थांबणे बरे.