दूरच्या गांवीं वसतिगृहाची सेवा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत दिलेलें भाषण)



या महोत्सवाच्या प्रसंगीं आपणांपुढें चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहें. विषय मात्र मीं स्वतः मागून घेतला. आपल्या वसईच्या किनाऱ्यावरून शिकून बाहेर पडलेले कित्येक तरुण आज शाळा-महाविद्यालयांतून नोकऱ्या धरीत आहेत, आणि त्यांपैकीं कांहींच्या वांट्यास डोंगरांतील एखाद्या लहान गांवच्या महाविद्यालयाचें वसतिगृह सांभाळण्याचें काम येतें. जव्हारकडे अशा एका वसतिगृहांत अधीक्षक म्हणून मीं सात वर्षें काढलीं. हें काम कसें असतें, माणसें तें अर्ध्यावर कां सोडतात, आणि तें न सोडतां त्यांत कसें रुळावें, एवढ्या तीन गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

बोलण्याच्या ओघांत या अधिकाऱ्यास रेक्टर म्हणतात. सरकारी वसतिगृहांत तोच गृहपाल होतो. रेक्टर हा शब्द आपल्या कानांस धर्मगुरूंच्या मठांतून परिचयाचा असल्यामुळें तें कांहीं भारदस्त पद असावें असा समज होतो. प्रत्यक्षांत पाण्याची टाकी भरली कीं नाहीं, डाळ पातळ कां झाली, रात्रींच्या हजेरीस कोण नव्हता, आणि ज्याला ताप चढला त्याच्या उशाशीं कोण बसणार, हें सारें पाहणारा तो मनुष्य होय. शिक्षकाची घंटा वाजते, कारकुनाचें टेबल सायंकाळीं बंद होतें. याच्या कामाला मात्र घंटा नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं रॅगिंगविरुद्ध जे नियम केले, त्यांतही अधीक्षक सर्वकाळ विद्यार्थ्यांच्या हांकेच्या अंतरावर असावा, असें बंधन आहे. नियम योग्यच आहे. कारण नव्या मुलाचा छळ भर दुपारीं चारचौघांसमक्ष होत नसतो.

या कामाचा वंश मोठा आहे. १९०१ सालीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन करविलें, आणि पुढें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची रांगच उभी केली. १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. त्या मुलांच्या अन्नासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. आपल्या परंपरेंत डॉन बॉस्को यांच्या मातेचें, मार्गारेटचें, उदाहरण आहे. ही शेतकरीण १८४६ सालीं आपलें खेडें सोडून तुरीन शहराच्या कडेला मुलाच्या मदतीस आली, आणि अनाथ पोरांचीं फाटलेलीं वस्त्रें शिवूं लागली. एकदां पोरांनीं तिचा भाजीचा वाफा तुडविला, तेव्हां ती कंटाळून घरीं जावयास निघाली. मुलानें भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखवितांच ती थांबली, अशी कथा सांगतात. १८५६ सालीं मृत्यु येईपर्यंत ती तेथेंच होती.

हीं उदाहरणें आपण पुष्कळदां ऐकतों, आणि येथेंच माझें थोडें निराळें म्हणणें आहे. त्यागाच्या गोष्टी ऐकून गेलेला तरुण आठवड्याची सुटी मागावयास लाजतो. रात्रपाळीला सोबती द्या असें म्हणण्यांत त्याला कमीपणा वाटतो. सहा महिने तो दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करितो, आणि सातव्या महिन्यांत राजीनामा देऊन गांवीं परततो. ज्याला एक दिवसाची सुटी मागवली नाहीं, त्यानें कायमचीच सुटी घेतली! मार्गारेटच्या कथेंत मला मोठी वाटते ती एकच गोष्ट, कीं ती राहिली. आणि तिच्या सोबतीला तिचा मुलगा होता, लक्ष्मीबाईंच्या सोबतीला पति होते, हें आपण विसरतों. आपला तरुण तेथें एकटा असतो. म्हणून त्याला त्यागाबरोबर टिकण्याची विद्याही शिकविली पाहिजे.

ती कां शिकविली पाहिजे, तें सांगतों. मी रुजू झालों त्याच आठवड्यांत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानें मला विचारलें, “सर, तुम्ही किती दिवसांसाठीं आलांत?” त्यांत उद्धटपणा नव्हता. त्याच्या दीड वर्षाच्या मुक्कामांत तीन अधीक्षक येऊन गेले होते. प्रत्येकाला त्यानें आपलें नांव सांगितलें होतें, आपला पाडा सांगितला होता. चवथ्याला तेंच पुन्हां सांगण्याचा त्याला कंटाळा आला होता. असा मुलगा अंगांत ताप असतां सांगत नाहीं, परीक्षेची फी भरलेली नसतां सांगत नाहीं, आणि एके दिवशीं पेटी उचलून निघून जातो. अधीक्षक बदलला म्हणजे कागदावर एक नांव बदलतें. मुलांच्या मनांत मात्र एक दार बंद होतें.

आतां त्या गांवाविषयीं. जव्हार हें मुकणे राजांच्या संस्थानाची राजधानी होतें. १९१८ सालींच तेथें नगरपालिका झाली. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. २०१४ पासून तो तालुका पालघर जिल्ह्यांत आहे. रेल्वे तेथें जात नाहीं. पालघरला गाडींतून उतरावें, एस.टी.नें मनोर व विक्रमगड मागें टाकावें आणि घाट चढावा. आषाढांत धुकें खिडकींतून आंत येतें, कपडे वाळत नाहींत, वीज जाते आणि फोन मुका होतो. इतका पाऊस पडूनही डोंगरउतारावर पाणी ठरत नाहीं, आणि उन्हाळ्यांत त्याच भागांतील बायका डोक्यावर हंडे घेऊन दूरवर पाण्यास जातात. वसईच्या विहिरीबावखलांच्या शेजारीं वाढलेल्या मनुष्यास हें समजण्यास एक वर्ष लागतें.

त्या वर्षांत तो प्रत्येक गोष्ट घराशीं ताडून पाहतो. येथें ताजी मासळी नाहीं, रविवारचा मिस्सा चार पावलांवर नाहीं, सायंकाळीं आठनंतर बाजारांत चिटपाखरूं नाहीं. दुकानदार साबण देतांना गांव, आडनांव, लग्न झालें कीं नाहीं, सारें विचारतो. नवख्याला ती चौकशी बोंचते. परंतु लहान गांवांत ओळख हीच भिंत आणि ओळख हेंच छप्पर. ज्याची चौकशी झाली, त्याचा ताप दुसऱ्या दिवशीं गांवाला कळतो, आणि कोणी तरी पेजेचें भांडें घेऊन येतो.

माझ्या अनुभवांतून निघालेल्या कांहीं सूचना आतां क्रमानें सांगतों.

पहिली सूचना: नेमणुकीच्या वेळींच सुटीचा दिवस, रात्रपाळीचा जोडीदार आणि स्वतंत्र दाराची खोली या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्या. मागतांना मान खालीं घालूं नये. मुलांना सर्वकाळ कोणी तरी भेटलें पाहिजे, हें खरें. तें सर्वकाळ एकच मनुष्य असला पाहिजे, असें कोठेंही म्हटलेलें नाहीं.

दुसरी: पहिले तीन महिने कोणताही जुना नियम मोडूं नये व नवा करूं नये. तेवढ्या काळांत प्रत्येक मुलाचें नांव, त्याचा पाडा आणि घरीं कोण आहे, हें पाठ करावें. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा निरनिराळ्या घरांतून तीं मुलें येतात. त्यांची बोली आपल्या पुस्तकी मराठीहून निराळी. तिच्यांतले पांचपन्नास शब्द शिकले, तरी रात्रींच्या हजेरीचा सूर बदलतो.

तिसरी: दिवसांतून एक जेवण मुलांच्या पंगतींत बसून घ्यावें. नागलीची भाकर आणि तीच डाळ आपल्या ताटांत पडली, म्हणजे तक्रारवही उघडण्याचें काम निम्मे वेळां पडत नाहीं. शिवाय कोण जेवला नाहीं, तें पंगतींतच दिसतें.

चवथी: संकट येण्यापूर्वीं वाट पाहून ठेवावी. पतंगशहा कुटीर रुग्णालयाची वाट, जीपवाल्याचें घर, विजेची चावी ज्याच्या हातीं आहे तो मनुष्य, सर्प निघाल्यास बोलवावयाचा जाणकार, या साऱ्यांशीं उजेडीं ओळख असावी. मध्यरात्रीं झालेली पहिली ओळख उपयोगीं पडत नाहीं.

पांचवी: महाविद्यालयाबाहेर निदान एक मित्र जोडावा. आठवड्याच्या बाजारांत पिशवी घेऊन स्वतः जावें. बोहाड्याचीं सोंगें निघतात तेव्हां खोलींत पुस्तक घेऊन बसूं नये. ज्याचें सारें विश्व वसतिगृहाच्या फाटकांत मावतें, त्याला मुलांची लहानशी खोडीही राजद्रोहासारखी वाटूं लागते.

सहावी: घरीं जाण्याचे दिवस आधीं ठरवावे आणि ते पाळावे. मन विटलें म्हणून उठून जाऊं नये. विटलेल्या मनानें घर गांठलेला मनुष्य परतीच्या एस.टी.ला सहसा चढत नाहीं.

शेवटची सूचना महत्त्वाची आहे. त्या भूमीचें पंचांग निराळें असतें, तें शिकून घ्यावें. आवणी लागली कीं मुलें दोन-चार दिवस गायब होतात. ही शिस्तीची हेळसांड नव्हे. घरचें भात लावावयास दुसरे हात नसतात. आणि दिवाळीनंतर कित्येक कुटुंबें घराला कडी लावून वीटभट्ट्यांवर कामास जातात. कोठें जातात? भिवंडीकडे, ठाण्याकडे, आणि आपल्या वसईकडे. जव्हारच्या वसतिगृहांत निजलेल्या एखाद्या मुलाची आई त्याच रात्रीं आपल्या गांवाच्या हद्दींत भट्टीशेजारच्या झोंपडींत निजलेली असते. म्हणून मोठ्या सुटींत वसतिगृह रिकामें झालेंच पाहिजे असा आग्रह धरण्यापूर्वीं, या मुलाच्या घराचें दार उघडें आहे कीं नाहीं, तें विचारावें. आमच्या वसतिगृहांत त्या दिवसांत पांच-सहा मुलें राहत. तेव्हां मीच त्यांच्याबरोबर चूल मांडीत असें, आणि त्या दिवसांत त्यांच्या तोंडून जें ऐकलें, तें वर्षभराच्या हजेरीवह्यांत कधीं मिळालें नाहीं.

आपण म्हणाल, एवढें करून त्या कामांत गोडी आहे कीं नाहीं? आहे, पण ती दुसऱ्या वर्षीं लागते. पहिल्या वर्षीं मनुष्य फक्त दिवस मोजतो. दुसऱ्या वर्षीं जूनमध्यें जुनीं मुलें पेटी टेंकवून सरळ आपल्या दाराशीं येतात आणि “सर, आहांत ना?” असें विचारतात. ज्यानें पहिलें वर्ष काढलें नाहीं, त्याला हा प्रश्न कधीं ऐकूं येत नाहीं.

आतां पालकांस एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी अशा ठिकाणीं गेली असेल, तर प्रत्येक फोनवर “बदली केव्हां होणार?” हें विचारूं नका. एकदां स्वतः एस.टी.त बसा, घाट चढा, तिची खोली पाहा, तिच्या मुलींबरोबर जेवा. सुके बोंबील बरोबर न्यावयास हरकत नाहीं. आणि धर्मग्रामाच्या मंडळींस विनंती ही, कीं अशा तरुणांचा आपण सत्कार करतों, हार घालतों, तें ठीकच आहे. पण हारापेक्षां त्यांस मोठ्या सुटींत आठ दिवस मदतीला येणारा एक सोबती अधिक हवा असतो. आपल्या हद्दींतल्या भट्टीवर कोणाचीं मुलें जव्हार-मोखाड्याकडे शिकत आहेत, एवढी चौकशी करून निरोप पोंचविला, तरी त्या वसतिगृहांतल्या कामाचा एक वांटा आपण येथें बसून उचलल्यासारखें होईल.