प्रदर्शन उठल्यानंतर

प्रदर्शन उठलें कीं मंडप उतरवितात, फळ्या मोडतात आणि वांटून उरलेलीं पत्रकें झाडून टाकतात. व्यापारी प्रदर्शनाचा धर्मच तो. दुकानदारांचें व वार्ताहरांचें लक्ष वेधलें कीं त्या कागदांचें काम संपलें. परंतु व्हिडिओ गेम या तरुण उद्योगाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यांस आतां असें आढळून येत आहे कीं, त्या केरांत जें गेलें त्यांतील पुष्कळसें इतरत्र कोठेंच उरलेलें नाहीं.

या उद्योगाचें अमेरिकेंतील सर्वांत मोठें प्रदर्शन 'ई-थ्री' या आटोपशीर नांवानें ओळखलें जाई. १९९५ सालच्या मे महिन्यांत लॉस एंजलिस येथें तें प्रथम भरलें. पहिल्याच खेपेस सेगा कंपनीनें आपलें सॅटर्न हें यंत्र ३९९ डॉलरांस ताबडतोब विक्रीस आणल्याचें जाहीर केलें. त्यानंतर सोनी कंपनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, 'दोनशें नव्याण्णव' एवढाच आंकडा उच्चारला आणि खालीं उतरले. इतकें थोडक्यांत झालेलें व इतकें झोंबणारें भाषण व्यापाराच्या जगांत क्वचितच झालें असेल! पण त्या क्षणाची खूण ना सॅटर्नच्या खोक्यावर आहे, ना प्लेस्टेशनच्या. ती शोधावयाची तर बातमीदारांच्या टिपणांकडे आणि प्रदर्शनाच्या चित्रफितींकडेच वळावें लागतें.

ही झाली एका प्रसंगाची गोष्ट. जो खेळ दाखविला गेला पण कधींच विकला गेला नाहीं, त्याची कथा याहून निराळी. २००३ सालच्या प्रदर्शनांत बंजी या संस्थेनें 'हेलो २' या आगामी खेळांतील एक प्रवेश दाखविला. भविष्यकाळांतील मोंबासा नगरी, तींत पेटलेलें युद्ध, आणि छायाप्रकाशाचें तोंवर न पाहिलेलें काम. प्रेक्षक थक्क झाले. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत खेळ बाजारांत आला तेव्हां त्यांत तो प्रवेश नव्हता. ज्या चित्रणयंत्रणेवर तो उभारला होता, तिचा भार एक्सबॉक्स यंत्रास पेलेना, म्हणून ती टाकून देऊन काम नव्यानें मांडावें लागलें होतें. पुढें वीस वर्षें लोकांना हा प्रवेश ठाऊक होता तो केवळ चित्रमुद्रणावरून. अखेर ९ नोव्हेंबर २०२४ रोजीं, हौशी तंत्रज्ञांच्या साहाय्यानें जुळवून, तो खेळतां येईल अशा रूपांत प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकास काय दाखविलें आणि हातीं काय दिलें, हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची सोय अशी क्वचितच होते. जाहिरात अतिशयोक्ति करते हें खरें. म्हणूनच तर ती जपून ठेवावयाची!

जपानांतहि असेंच घडलें. निन्टेंडो कंपनीच्या १९९७ सालच्या प्रदर्शनांत 'पोकेमॉन'च्या सोनेरी व रुपेरी आवृत्तींचा नमुना लोकांना खेळावयास ठेवला होता. त्यांतील कित्येक प्राणी १९९९ सालच्या पक्क्या खेळांत आढळत नाहींत. तो नमुना २०१८ सालीं बाहेर आला, आणि तोहि कंपनीच्या हातून नव्हे.

वार्ताहरांस मिळणाऱ्या संचांत छापील माहिती, पारदर्शिका, चित्रांच्या तबकड्या आणि दूरचित्रवाणीवर दाखविण्यासाठीं भरलेल्या फिती असत. कागद त्यांतल्या त्यांत टिकाऊ. फितीवरील चुंबकीय लेप दमट हवेंत बिघडतो. घरीं भरलेल्या तबकडीवरील रंगद्रव्य वर्षांनुवर्षें उडत जातें. शिवाय फीत शाबूत असली तरी ती वाजविणारें यंत्र कोठून आणावयाचें? घरगुती व्ही. एच. एस. यंत्रें बनविणारी शेवटची कंपनी, फुनाई, हिनेंहि २०१६ सालीं तें काम थांबविलें.

खुद्द ई-थ्री २०१९ नंतर पुन्हां प्रत्यक्ष भरलेंच नाहीं, आणि डिसेंबर २०२३ मध्यें तें कायमचें बंद झाल्याचें जाहीर झालें. आतां कंपन्या आपल्या नव्या खेळांचीं चित्रणें स्वतःच इंटरनेटवर दाखवितात. पाहणाऱ्याची सोय झाली, हें निर्विवाद. परंतु जें कंपनीनें चढविलें तें कंपनी केव्हांहि उतरवूं शकते. वार्ताहराच्या माळ्यावर पडलेल्या पेटीबाबत तिला तसें करतां येत नसे.

या माळ्यावरच्या पेट्यांचा शोध घेणारी संस्था म्हणजे कॅलिफोर्नियांतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन. फ्रँक सिफाल्डी यांनीं ती २०१७ सालीं स्थापन केली. अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत मिळत नाहींत, असें तिनें २०२३ सालीं दाखवून दिलें. २०२५ च्या जानेवारींत तिनें आपलें ग्रंथालय इंटरनेटवर सर्वांस खुलें केलें. त्यांत दीड हजारांवर नियतकालिकांचे अंक आहेत, जाहिरातींचें साहित्य आहे आणि ई-थ्रीच्या मार्गदर्शिकाहि आहेत. कोणत्या कंपनीनें कोठें दुकान मांडलें होतें याची नोंद असलेल्या या मार्गदर्शिका प्रदर्शनानंतर घरीं नेण्याचें कारण फारच थोड्यांना होतें. त्यांत नांव असलेल्या कित्येक कंपन्या पुढें बुडाल्या. कांहींचा तर खेळहि बाहेर पडला नाहीं, आणि त्या होत्या याला आतां आधार उरला आहे तो या मार्गदर्शिकेंतील एका ओळीचा.