अवधानाची दिशा



ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांकडे जी मागणी करतात,
ती द्रव्याची नव्हे,
तर केवळ अवधानाची आहे.

हे अवधान पूर्णपणे द्यायचे,
तर एका वेळी एकाच ठिकाणी देता येते.

याचा दाखला १९९९ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनिएल सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळतो.
चित्रफितीतील खेळाडू चेंडू किती वेळा देतात,
एवढेच मोजण्याचे काम प्रेक्षकांवर सोपवले होते.
मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली एक व्यक्ती त्या खेळाडूंमधून सरळ चालत गेली,
आणि तरीही जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही!

डोळे उघडे होते;
अवधान अन्यत्र होते.

म्हणूनच मोबाइलवर बोलत वाहन हाकणाऱ्यांची मला मनापासून चिंता वाटते.
यंत्र कानाला लावून हात मोकळे ठेवले,
तरी अवधान मोकळे होत नाही.

पुन्हा सांगतो,
अवधान एका वेळी एकाच ठिकाणी.

आज सायंकाळी घरातले कोणी आपल्याशी बोलू लागले,
तर हातातला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून
त्यांचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून पाहावे,
ही माझी आग्रहाची विनंती.