पै-पैची पेढी



पेढीची खरी पुंजी म्हणजे ठेवीदाराचा विश्वास. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा बँकविषयक इतिहास याची साक्ष देतो.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली. घामाची कमाई तेथे जमा झाली. परंतु गैरव्यवस्था व बेभरवशाची कर्जे यांमुळे १८७४ मध्ये ती बुडाली. ६१ हजारांहून अधिक ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. असा समाज बँकेपासून दुरावला, यात नवल ते काय?

१९०३ मध्ये रिचमंड येथे मॅगी लीना वॉकर यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक स्थापिली. त्यांची माता धुणे धुऊन संसार चालवीत असे. या बँकेने पेनी-पेनीची बचत स्वीकारली आणि त्याच ठेवींतून समाजबांधवांना घरांसाठी कर्जे दिली. वस्तीचा पैसा वस्तीतच फिरला.

पुढे १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखविल्या गेल्या. बँका ठेवी घेत, कर्ज नाकारीत. १९७७ च्या कायद्याने ठेवी घेणाऱ्या वस्तीची कर्जाची गरज भागविणे हे बँकांचे कर्तव्य ठरविले. तरीही २०२३ च्या सरकारी पाहणीत १०.६ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबांचे बँकेत खातेच नव्हते. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण १.९ टक्के होते.

तात्पर्य, केवळ खाते उघडून भागत नाही. गरिबाची ठेव सुरक्षित राहावी आणि त्याला पतही मिळावी, तेव्हाच बँक त्याची होते.